धार आणि देवास : वाटेत लागतात म्हणून वगळलेली गावे

उन्हाळ्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की आमच्या सीमाभागातील घराघरांत प्रवासाचे बेत सुरू होतात. बेळगाव असो, निपाणी असो, खानापूर असो वा बिदर-भालकीचा मुलूख असो, बेत बहुधा ठरलेले असतात. ज्यांची सवड थोडी ते गोकर्ण, गोवा अथवा महाबळेश्वर गाठतात. ज्यांची ऐपत बरी ते काशी-प्रयाग करून येतात. आणि अलीकडे ज्यांचा ओघ फार वाढला आहे ते उज्जैनच्या महाकालेश्वराचे व ओंकारेश्वराचे दर्शन घेऊन, इंदूरच्या सराफ्यात एक रात्र खाण्यापिण्यात घालवून, तिसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत बसतात. या तिसऱ्या प्रकारच्या प्रवाशांसाठीच आज चार शब्द लिहावयाचे आहेत. ज्योतिर्लिंगांच्या दर्शनाविषयी आमचे काहीएक म्हणणे नाही. परंतु इंदूरहून उज्जैनकडे जाताना देवास स्टेशन लागते, गाडी थोडा वेळ थांबते, आणि डब्यातील मराठी मंडळी फलाटावरचा चहा पिऊन पुन्हा जागेवर येऊन बसतात. इंदूरच्या पश्चिमेस साठ-पासष्ट किलोमीटरवर धार आहे. तिकडे तर कोणी वळतच नाही. आणि वळलेच, तर मांडूला निघालेली मोटार धारच्या बाजारातून भोंगा वाजवीत निघून जाते. ही दोन गावे आणि त्यांच्या भोवतालचा मुलूख पाहिल्यावाचून माळवा पाहिला असे म्हणता येणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. सीमाभागातील माणसाला तर ती पाहण्याचे आणखी एक कारण आहे. ते ओघाने येईलच.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा की, तेथे पाहावयास आहे तरी काय? ना मोठे तीर्थ, ना थंड हवेचे ठिकाण. हा आक्षेप अज्ञानातून येतो, आणि त्या अज्ञानाचा दोष सर्वस्वी प्रवाशाचा नाही. शाळेच्या इतिहासात मराठे नर्मदा ओलांडून उत्तरेस गेले एवढे वाक्य असते. ते गेले तेथे राहिले कसे, त्यांनी वसविले काय, आणि आज तेथे उरले काय, याची वास्तपुस्त कोणी करीत नाही. १७२८ सालच्या नोव्हेंबरात चिमाजी अप्पांच्या फौजेने मोगलांचा सुभेदार गिरिधर बहादूर आणि त्याचा आप्त दया बहादूर यांचा जेथे पाडाव केला ते अमझेरा आजच्या धार जिल्ह्यातच आहे. त्या लढाईने माळव्याचे दार उघडले. शिंदे-होळकरांची नावे पुढे गाजली. पण त्यांच्या बरोबरीने, किंबहुना थोडे आधीच, माळव्यात पाय रोवणारे पवार मात्र सामान्य वाचकाच्या स्मरणातून निसटले. धारला उदाजी व आनंदराव पवारांचा वंश नांदला. देवासला तुकोजी आणि जिवाजी या दोघा भावांचा. धारचे यशवंतराव पवार १७६१ साली पानिपतावर पडले, ही गोष्ट किती जणांस ठाऊक आहे?

प्रथम देवासकडे वळू. गावाच्या माथ्यावर एक टेकडी आहे. तिच्यावर तुळजाभवानी आणि चामुंडा अशी देवीची दोन स्थाने आहेत. लोक त्यांना मोठी माता आणि छोटी माता म्हणतात. टेकडी फार उंच नाही. संध्याकाळी तिच्यावर उभे राहिले असता खाली गाव आणि भोवती माळव्याचे काळेभोर पठार क्षितिजापर्यंत पसरलेले दिसते. या लहानशा गावात १९४८ पर्यंत एक नव्हे, दोन संस्थाने नांदत होती. दोघा भावांच्या वाटणीतून थोरली पाती व धाकटी पाती अशा दोन गाद्या झाल्या. दोन राजवाडे, दोन दरबार, दोन कारभार, आणि तोफांची सलामी दोघांनाही पंधरा-पंधरा. रस्त्याची एक बाजू एका महाराजांची आणि दुसरी बाजू दुसऱ्यांची, असे जुनी माणसे हसत सांगत. सरहद्द ही वस्तू माणसाच्या उंबरठ्यावरून कशी जाते हे सीमावासीयांना कोणी शिकवावयास नको. देवासच्या लोकांनी ती दोन शतके नांदविली आणि टेकडीवरची देवी मात्र दोन्ही पात्यांची राहिली.

याच थोरल्या पातीचे तुकोजीराव महाराज यांच्या पदरी १९२१ साली ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार खाजगी चिटणीस म्हणून राहिला होता. तेथील गोकुळाष्टमीचा उत्सव त्याने पाहिला, आणि १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या 'अ पॅसेज टू इंडिया' या कादंबरीच्या अखेरच्या भागात त्या उत्सवाची छाया उतरली. पुढे १९५३ साली देवासच्या आठवणींचे पुस्तकच त्याने लिहिले आणि त्याला नाव दिले ते या टेकडीचे. म्हणजे इंग्रजी वाङ्मयाचा अभ्यासक दूरदेशी बसून देवासची टेकडी ओळखतो, आणि आमचा प्रवासी तिच्या पायथ्याशी चहा पिऊन पुढे जातो! कोल्हापूरच्या वाचकांना तर देवास परके मुळीच नाही. राजर्षी शाहू छत्रपतींच्या कन्या अक्कासाहेब या तुकोजीरावांच्या राणी. आणि त्यांचे पुत्र विक्रमसिंहराव हे १९४७ साली दत्तक जाऊन शहाजी छत्रपती या नावाने कोल्हापूरच्या गादीवर बसले.

परंतु सीमाभागातील माणसाने देवासला उतरावे याचे खरे कारण राजवाड्यात नाही. ते टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या एका घरात आहे. बेळगाव तालुक्यातील सुळेभावी या गावी ८ एप्रिल १९२४ रोजी एका कन्नड भाषक लिंगायत घराण्यात शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकलीमठ हा मुलगा जन्मला. लहानपणीच त्याच्या गळ्याने लोकांना थक्क केले आणि 'कुमार गंधर्व' ही पदवी त्याला मिळाली. मुंबईस प्रोफेसर बी. आर. देवधरांकडे त्याचे शिक्षण झाले. तारुण्य उमलत असतानाच क्षयाने त्याला गाठले, आणि कोरडी हवा मानवेल म्हणून १९४८ साली त्याला देवासला आणण्यात आले. गाणे पूर्ण बंद. जवळजवळ पाच वर्षे हा गायक अंथरुणावर पडून खिडकीतून येणारे आवाज ऐकत होता. देवीच्या टेकडीकडे जाणारे यात्रेकरू, भिक्षेकरी, नाथपंथी जोगी, लग्नाची गाणी म्हणणाऱ्या माळवी स्त्रिया, यांचे सूर त्याच्या कानी पडत. पत्नी भानुमतीबाईंची शुश्रूषा आणि स्ट्रेप्टोमायसीन हे तेव्हा नवे असलेले औषध यांनी तो उठला. पुन्हा गाऊ लागला तेव्हा त्याच्या गाण्यात माळव्याची लोकधून आणि कबिराचे निर्गुण ही दोन्ही मुरली होती. लगनगांधार, मालवती यांसारखे राग त्याने लोकधुनांतून उभे केले. १२ जानेवारी १९९२ रोजी देवासलाच त्यांचा अंत झाला. प्रकृती सुधारल्यावरही त्यांनी हे गाव सोडले नाही.

सुळेभावीचा कन्नड मुलगा, मुंबईचे मराठी गुरू, मराठी पवारांनी वसविलेले हिंदी-माळवी मुलखातील गाव, आणि कबिराची वाणी! यांतले एकही टोक कापून टाकले तर कुमार गंधर्व उरत नाहीत. आमचा आमच्या भाषेविषयीचा आग्रह जुना आहे आणि तो सोडण्याचे कारण नाही. परंतु त्या आग्रहाने आपले कान बंद होऊ नयेत, एवढे शिकण्यासाठी तरी सीमाभागातील तरुणाने एकदा त्या टेकडीखाली उभे राहावे. रजब अली खाँसाहेबांसारखे जबरदस्त गवई याच देवासचे, हेही तेथे गेल्यावर त्यास कळेल.

देवास जिल्ह्याचे निसर्गवैभव गावापेक्षाही अधिक अपरिचित आहे. दक्षिणेस बागली तालुक्यात, नर्मदेकडे उतरणाऱ्या रानात, 'कावडिया पहाड' म्हणून टेकड्या आहेत. कोणी सुताराने तासून रचून ठेवावेत तसे काळ्या दगडाचे पैलूदार खांब तेथे ढिगाने उभे-आडवे पडले आहेत. एका खांबावर दगडाने आघात केला तर धातूसारखा नाद उमटतो. भीमाने कावडीतून हे दगड वाहून आणले, अशी कथा लोक सांगतात. भूशास्त्र सांगते ते याहून कमी अद्भुत नाही : कोट्यवधी वर्षांपूर्वी ज्या लाव्हारसाने आपले दख्खनचे पठार घडले तोच रस येथे सावकाश थिजला, थिजताना आकसला, आणि आकसताना त्याला नियमित तडे जाऊन असे खांब झाले. सह्याद्रीचा काळा पाषाण आणि कावडियाचे खांब एकाच कुळातील आहेत. त्याच जिल्ह्यात खिवनीचे अभयारण्य आहे. १९५५ साली घोषित झालेले हे सागाचे रान पाहावयास बाहेरगावची माणसे क्वचितच येतात. आणि नर्मदेच्या उत्तर तीरावर नेमावर आहे. नर्मदेचे नाभिस्थान म्हणून भाविक ते मानतात. तेथील सिद्धनाथाचे परमारकालीन देऊळ नदीच्या काठावर असे उभे आहे की, शिल्पाची आवड नसलेल्यानेही घटकाभर थांबावे.

याच जिल्ह्यात नर्मदेवर धाराजी नावाचे स्थान होते. 'होते' असेच म्हणावे लागते. तेथे नदी खडकांतून प्रपाताने कोसळे आणि त्या भोवऱ्यांत घोटून गुळगुळीत झालेली बाणलिंगे देशभरच्या देवघरांत जात. ७ एप्रिल २००५ रोजी अमावास्येच्या यात्रेसाठी जमलेल्या भाविकांवर वरच्या धरणातून सोडलेले पाणी रात्री अचानक आले आणि साठांहून अधिक माणसे वाहून गेली. पुढे ओंकारेश्वर धरणाच्या जलाशयात तो प्रपातही बुडाला. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांना तो आता पाहता येणार नाही. निसर्गस्थळे पुढच्या वर्षीही तेथेच असतील, या समजुतीवर आपण फार विसंबून असतो.

देवासच्या पाण्याची आणखी एक कथा आहे, आणि ती आशेची आहे. भूगर्भातील पाण्याचा बेसुमार उपसा झाल्याने १९९० साली या शहराला आगगाडीने पाणी आणावे लागले होते. २००६ पासून जिल्हाधिकाऱ्यांच्या प्रेरणेने टोंक खुर्द व आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांनी स्वतःच्या शेतात, बहुतांशी स्वतःच्या खर्चाने, तळी खोदली. कूपनलिकांचा हव्यास सोडून पावसाचे पाणी अडविले. नर्मदेच्या नावावरून त्यांस 'रेवासागर' म्हणतात. आता त्या तळ्यांवर हिवाळ्यात पाखरे उतरतात. आमच्या सीमाभागातील अवर्षणग्रस्त गावांच्या पंचायतींनी सहल म्हणून नव्हे, अभ्यास म्हणून ही तळी पाहून यावीत.

आता धार. ही परमारांची धारानगरी. मुंज आणि भोज यांची राजधानी. भोजराजाचे नाव मराठी माणूस म्हणींत आणि गोष्टींत रोज घेतो, पण त्याचे गाव पाहत नाही. धारच्या लाट मशिदीच्या आवारात एका प्रचंड लोहस्तंभाचे तीन तुकडे ठेवलेले आहेत. ते जोडले तर लांबी तेरा मीटरांहून अधिक भरते. म्हणजे दिल्लीच्या कुतुबमिनाराजवळच्या सुप्रसिद्ध लोहस्तंभाच्या जवळजवळ दुप्पट. वजन सात टनांच्या घरात. दिल्लीचा खांब पाहण्यासाठी रांगा लागतात. धारच्या खांबाजवळ बहुधा एखादा राखणदार आणि सावलीत बसलेली दोन शेळकरी पोरे असतात. गुजरातचा सुलतान बहादूरशहा हा खांब नेऊ पाहत असता तो मोडला, अशी हकीकत जहांगीर बादशहाने आपल्या आत्मचरित्रात नोंदविली आहे. अकबराच्या दक्षिण मोहिमेची आठवण सांगणारा लेखही या लोखंडावर कोरलेला आहे.

धारचा तांबड्या दगडाचा किल्ला महंमद तुघलकाचा म्हणून सांगतात. मराठी वाचकाच्या दृष्टीने या किल्ल्यातील एक घटना विशेष आहे. नारायणरावांच्या खुनानंतरच्या धामधुमीत आनंदीबाईंनी याच किल्ल्याचा आश्रय घेतला आणि १७७५ च्या जानेवारीत येथेच दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला. पेशवाईचा शेवट ज्याच्या हातून झाला त्याचा आरंभ शनिवारवाड्यात नव्हे, माळव्यात झाला! १८५७ साली हा किल्ला इंग्रजांविरुद्ध लढला. त्याबद्दल संस्थान खालसा झाले आणि १८६० मध्ये परत देण्यात आले. शेजारच्या अमझेऱ्याचे राणा बख्तावरसिंह यांना तर १० फेब्रुवारी १८५८ रोजी इंदुरास फाशी देण्यात आले.

भोजशाळा व कमाल मौला मशीद या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या वास्तूविषयीचा वाद वाचकांस ठाऊक आहे. २०२४ साली न्यायालयाच्या आदेशाने पुरातत्त्व खात्याने तिची पाहणी केली. त्या वादात शिरणे हा आजच्या लेखाचा हेतू नाही. पण वादाच्या गदारोळात जे मागे पडले ते सांगितले पाहिजे. धार संस्थानचे शिक्षणाधिकारी काशिनाथ कृष्ण लेले यांनी १९०३ साली या वास्तूत एक शिलालेख उजेडात आणला. राजगुरू मदन याने परमार राजा अर्जुनवर्म्याच्या काळी रचलेली 'पारिजातमंजरी' ही संस्कृत नाटिका त्या शिळेवर कोरलेली निघाली. चारांपैकी दोनच अंक हाती लागले. आख्खी नाटिका दगडावर कोरून ठेवणारे राज्य आणि सातशे वर्षांनी ती वाचून काढणारा एक मराठी शिक्षणाधिकारी, या दोहोंचा अभिमान बाळगावयास कोणाशी भांडण करण्याची गरज नाही.

धारमध्ये आणखी एक मराठी तीर्थ आहे. मुंबईच्या गिरगाव चौपाटीवर लोकमान्य टिळकांचा जो पुतळा उभा आहे तो घडविणारे शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके हे वसईचे. त्यांनी आपले उत्तरायुष्य धारला घालविले. १९६१ साली त्यांना 'पद्मश्री' मिळाली, १९७२ साली ते निवर्तले. त्यांचा स्टुडिओ धारमध्ये आहे. चौपाटीवर पुतळ्यापाशी छायाचित्र काढून घेणाऱ्या हजारो माणसांपैकी त्या स्टुडिओची पायरी किती जण चढले असतील?

धारपासून पस्तीस किलोमीटरवरचे मांडू अपरिचित नाही. पण ते चुकीच्या वेळी आणि घाईने पाहिले जाते. मे महिन्याच्या उन्हात दोन तासांत जहाजमहाल, होशंगशहाची संगमरवरी कबर आणि रूपमतीचा मंडप उरकून घामाघूम झालेला प्रवासी 'सगळे पडके आहे' म्हणत परततो. मांडू हे पावसाचे गाव आहे. श्रावणात तलाव भरले आणि खोऱ्यातून ढग वर चढू लागले की दोन तलावांमधला तो महाल खरोखरच जहाजासारखा वाटतो. वाटेवर जाड बुंध्याची, फुगलेल्या पोटाची विचित्र झाडे दिसतील. ती गोरखचिंच, तेथे तिला खुरासानी इमली म्हणतात. मूळ आफ्रिकेची ही झाडे शतकांपूर्वी सागरापलीकडून आली आणि या पठारावर रुजली. अलीकडच्या वर्षांत त्यांतील काही जुनी झाडे मुळासकट उपटून दूरच्या एका खाजगी बागेत नेण्याचा उद्योग झाला. गावकऱ्यांनी विरोध केला आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. झाडाची किंमत प्रथम कळली ती ते पाहावयास येणाऱ्याला नव्हे, उपटून नेणाऱ्याला, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

मांडूच्याही पलीकडे, विंध्याच्या दक्षिण उतारावर, वाघिणी नदीकाठी वाघ नावाचे गाव आहे; तेथील लोक त्याला 'बाग' म्हणतात. अजिंठा पाहिलेल्या प्रत्येकाने येथील बौद्ध लेणी पाहावीत. मूळ नऊ, त्यांतील पाच टिकली आहेत. दगड मऊ, ओल फार. म्हणून भिंतीवरची चित्रे झडत गेली आणि १९८२ साली उरलीसुरली चित्रे जतनासाठी भिंतींवरून अलग करावी लागली. नंदलाल बोस व त्यांच्या सोबत्यांनी १९२१ साली ग्वाल्हेर दरबारासाठी त्यांच्या प्रतिकृती केल्या होत्या. आज मूळ चित्रांत काय होते हे समजावयास त्यांचाच मोठा आधार आहे. लेणी पाहून झाल्यावर गावातील छिपा कारागिरांचे ठसेकाम पाहावे. लाकडी ठशांनी तांबडा व काळा रंग उमटवून कापड नदीच्या वाहत्या पाण्यात धुतात; त्या पाण्याच्या गुणानेच रंग खुलतो, असे कारागीर सांगतात.

याच मुलखात नर्मदेच्या खोऱ्यात भूतकाळ आणखी खोल गेला आहे. २०२३ सालच्या जानेवारीत शास्त्रज्ञांनी धार जिल्ह्यातून डायनोसॉरच्या ९२ घरट्यांची आणि २५६ अंड्यांची नोंद प्रसिद्ध केली. पाडल्या गावचे शेतकरी तर शेतात सापडणारे गोल दगड 'काकड भैरव' म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पूजीत आले होते. ते दगडही अंडीच निघाली. शेताचे आणि गुराढोरांचे रक्षण करणारा देव म्हणून त्यांनी ती सांभाळली. त्यांना हसण्याचे कारण नाही. त्यांनी पूजा केली नसती तर त्या दगडांचे बांधाला भराव झाले असते.

इतके असूनही देशाच्या वृत्तपत्रांत धार जिल्ह्याचे नाव २०२५ च्या आरंभी ठळकपणे आले ते कशासाठी? भोपाळच्या वायुकांडातील कारखान्याचा ३३७ टन विषारी कचरा जाळण्यासाठी याच जिल्ह्यातील पीथमपूर येथे आणण्यात आला म्हणून. त्याआधी, २०१९ साली, सरदार सरोवराचे पाणी चढले तेव्हा निसरपूर आणि चिखलदा ही याच जिल्ह्यातील नर्मदाकाठची गावे बुडाली. जो मुलूख कोणाच्या डोळ्यांसमोर नसतो त्याच्या वाट्याला इतरांना नको असलेल्या वस्तू येतात आणि त्याच्याकडून इतरांना हव्या असलेल्या वस्तू नेल्या जातात. हा नियम सरहद्दीवरच्या गावांना ठाऊक आहे. म्हणून धारची कथा त्यांनी अधिक सहानुभूतीने ऐकावी.

येथे कोणी म्हणेल, प्रवासी गेल्याने काय धरणे थांबतील, की कचरा परत जाईल? नाही थांबणार. शिवाय प्रवाशांची झुंड ही स्वतःच एक आपत्ती होऊ शकते, हे महाबळेश्वर आणि गोव्याकडे पाहून कळतेच. तथापि हजार उतावळे प्रवासी आणि दहा जाणते प्रवासी यांत अंतर आहे. जाणता प्रवासी गावात रात्र काढतो, तेथील खाणावळीत जेवतो, कारागिराकडून कापड घेतो, परतल्यावर चार जणांस सांगतो आणि त्या गावाविषयी बातमी आली तर ती वाचतो. एखाद्या स्थळाला दूरवर चार माणसे ओळखणारी आहेत, एवढे कळले तरी ते मोडताना हात थोडा आखडतो. याहून अधिक काही आम्ही प्रवासाकडून अपेक्षीत नाही.

आणखी एक इशारा देणे अवश्य आहे, आणि तो आमच्याच लोकांना. धार-देवासला जाऊन 'हे सारे आमचेच होते' अशी छाती फुगविणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. पवारांचे राज्य होते हे खरे. पण लोहस्तंभ त्यांच्या कितीतरी आधीचा, मांडूचे महाल सुलतानांचे, लेणी भिक्षूंची, रान भिल्लांचे आणि टेकडीखालची गाणी माळवी शेतकऱ्यांची. होळीच्या आधी भगोरियाच्या बाजारांत ढोल वाजविणाऱ्या भिल्ल तरुणांना आपला वंशवृक्ष ऐकवावयास जाऊ नये, ढोल ऐकावा. संस्थाने १९४८ साली मध्य भारत संघात विलीन झाली आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य भारत नव्या मध्य प्रदेशात सामावला. हा दिनांक आमच्या वाचकांस सांगावा लागत नाही. त्या दिवसानंतर माळव्यातील मराठी माणसाजवळ ना राज्य उरले, ना बहुसंख्या. तरीही देवास, धार, इंदूर येथील कित्येक घरांत आज मराठी बोलली जाते. तिच्यात माळवीचा गोडवा उतरला आहे आणि आपल्या कानास ती क्षणभर निराळी वाटते. ती दरबाराच्या आधाराने टिकलेली नाही. ती गणेशोत्सवात, गाण्याच्या बैठकीत आणि स्वयंपाकघरात टिकली. ज्या घरी मुलांशी ती बोलणे थांबले तेथे ती संपली, हेही तितकेच खरे. आपल्या भाषेचे भवितव्य ज्यांना चिंतेचे वाटते त्यांनी ही दोन्ही प्रकारची घरे पाहून यावीत.

आता व्यवहाराचे. मुंबईहून आणि पुण्याहून इंदूरला थेट गाड्या आहेत. पावसाळ्याचा उत्तरार्ध किंवा हिवाळा निवडावा. मे महिना टाळावा. पाच दिवस पुरतात. पहिला दिवस देवासला : सकाळी टेकडी, दुपारी गाव, संध्याकाळी तळी. दुसरा नेमावर आणि नर्मदेसाठी; ज्यांना रानाची आवड आहे त्यांनी कावडिया पहाड किंवा खिवनी घ्यावे, पण स्थानिक वाटाड्यावाचून जाऊ नये. तिसरा दिवस धारसाठी राखावा, मांडूच्या वाटेवरचा एक तास म्हणून नव्हे. चौथा मांडूला मुक्काम करून. पाचवा वाघ गावासाठी. उज्जैन-ओंकारेश्वर करावयाचे असल्यास आणखी दोन दिवस जोडावेत. आमच्या शाळांनी आणि तरुण मंडळांनी वार्षिक सहलीसाठी एखाद्या वर्षी नेहमीचे स्थळ सोडून हा बेत करून पाहावा. मध्य प्रदेश शासनालाही सांगणे आहे : लोहस्तंभाजवळ आणि फडके यांच्या स्टुडिओपाशी हिंदी-इंग्रजीबरोबर चार ओळी मराठीत लिहिल्याने खजिना रिता होणार नाही, आणि दक्षिणेकडून येणाऱ्या पाहुण्यास आपले स्वागत झाल्याचे वाटेल.

पुढच्या खेपेस उज्जैनची गाडी देवासला थांबेल तेव्हा वाचकांनी खिडकीतून टेकडीकडे पाहावे. सुळेभावीचा मुलगा त्या टेकडीखाली मरावयास आला होता, आणि तेथील माणसांचे गाणे ऐकून जगला. एवढे आठवले तरी सामान उतरवून घ्यावयास ते पुरेसे आहे.